यंत्राचा स्नेह

या सदरांत आजवर आम्हीं जवसाच्या तेलापासून लोणकढ्या तुपापर्यंत अनेक स्निग्ध पदार्थांचा विचार केला; परंतु तो सर्व स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आंतला होता. मोटारीच्या इंजिनांत घालावयाच्या तेलाविषयीं लिहिण्याची पाळी आमच्यावर येईल असें आम्हांस वाटलें नव्हतें. ती आली याचें कारण असें कीं, या बाबतींत आम्हीं एकदां न विचारतां सल्ला दिला, तो मानला गेला, आणि त्याचें प्रायश्चित्त दुसऱ्यास भोगावें लागलें.

आमचा एक भाचा पुण्यास असतो. त्यानें टर्बो जातीची एक पेट्रोल मोटार हौसेनें घेतली. इंजिन दिसावयास लहान, अवघें दीड लिटरचें; पण शक्ति दीडशें घोड्यांची. दोन वर्षांपूर्वीं मे महिन्यांत तो आपल्या आईला, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीला, घेऊन समृद्धि महामार्गानें नागपूरपर्यंत आणि तेथून भंडारा, साकोली, कोहमारा, गोरेगांव असें करीत गोंदियास आला. त्या दिवशीं येथें पारा पंचेचाळिसावर होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो म्हणाला, "मामा, तेल बदलायची मुदत भरत आली आहे. इथं कुणी विश्वासू कारागीर आहे का?" त्याच्या मोटारीचें अधिकृत दुरुस्तिगृह येथें नाहीं, त्यासाठीं नागपूर गाठावें लागतें. तेव्हां आम्हीच त्यास ओळखीच्या एका कारागिराकडे घेऊन गेलों.

तो कारागीर आमचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "गुरुजी, आपल्याकडची गर्मी तुम्हांला ठाऊकच आहे. पातळ तेलाचं पाणी होतं. जाड टाकूं." भाच्यानें मोटारीबरोबर आलेलें पुस्तक काढून दाखविलें, त्यांत ५ डब्ल्यू-३० असा आंकडा होता आणि पुढें कंपनीच्या मान्यतेचा एक क्रमांक होता. आम्हीं तें पुस्तक हातांतही घेतलें नाहीं. "अरे, पुस्तकं लिहिणारे युरोपांत बसतात. त्यांना वैशाख काय ठाऊक?" असें बोलून आम्हीं कारागिराची बाजू घेतली. पस्तीस वर्षें मुलांना "मार्गदर्शिका वाचूं नका, मूळ ग्रंथ वाचा" असें सांगणाऱ्या मनुष्यानें हें बोलावें, याची आज आम्हांस लाज वाटते. पिंपांतून २० डब्ल्यू-५० जातीचें सुटें तेल काढून इंजिनांत ओतण्यांत आलें.

पुढें हिवाळ्यांत त्याचा फोन आला कीं, पहाटे मोटार सुरू करतांना इंजिन कांहीं क्षण खडखड करतें. माघ महिन्यांत नळींतून निळसर धूर येऊं लागला. टर्बोच्या कण्याचें बेअरिंग झिजलें होतें. हमीची मुदत शिल्लक होती. परंतु कंपनीच्या माणसांनीं तेलाचें बिल मागितलें, आणि आमच्या कारागिराच्या बिलावर 'इंजिन ऑइल, ४ लिटर' एवढीं चार अक्षरें होतीं. कोणतें तेल, कोणत्या अंकाचें, कोणत्या मान्यतेचें, याचा पत्ता नाहीं. हमी नाकारली गेली. खर्च पाऊण लाखाच्या वर आला. बेअरिंग त्या तेलामुळेंच झिजलें असें शपथेवर कोणी सांगूं शकणार नाहीं, आम्हीही सांगत नाहीं. पण त्या तेलामुळें नव्हे, असें सांगण्याचें साधनही आम्हीं त्याच्या हातांत ठेवलें नव्हतें. निम्मा खर्च आम्हीं देऊं केला. त्यानें घेतला नाहीं. आमची बहीण त्याविषयीं एक अक्षर बोलली नाहीं, आणि तें आम्हांस पैशापेक्षां अधिक लागलें.

त्यानंतर आम्हीं हा विषय मुळापासून समजून घेण्याचें ठरविलें. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास त्याची वाट एका अनपेक्षित ठिकाणीं सांपडते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत चोवीस गुण सांगितले आहेत; त्यांत द्रवत्व आणि स्नेह हे दोन निरनिराळे गुण धरले आहेत. वाहण्याचें कारण तें द्रवत्व. पीठ एकत्र धरून त्याचा गोळा करणारा तो स्नेह. द्रवत्वही दोन प्रकारचें: पाण्याचें स्वाभाविक, तर तुपाचें अग्नीच्या योगानें येणारें. नैयायिकांनीं मोटार पाहिली नव्हती हें खरें. तरी तेलाचें पातळ-जाडपण ही एक गोष्ट आणि त्याचा गुण ही दुसरी, हा भेद मनांत ठेवल्यास डब्यावरील अर्धें कोडें सुटतें. आम्ही आणि आमचा कारागीर दोघेही द्रवत्वावर वाद घालीत बसलों होतों. दुसऱ्या गुणाची आम्हांस आठवणही नव्हती.

तेल करतें तरी काय, हें प्रथम पाहूं. आमच्या लहानपणीं गोंदियाच्या 'छोट्या लाइनी'वरील वाफेच्या इंजिनाजवळ लांब चोंचीची तेलदाणी घेतलेला मनुष्य फिरत असे, आणि आम्हां मुलांस वाटे कीं तेल म्हणजे निव्वळ बुळबुळीतपणा. बैलबंडीच्या आंसाला वंगण घालतात तेंही त्याचसाठीं. पण १८८३ च्या सुमारास इंग्लंडांत बीचम टॉवर नांवाच्या अभियंत्यानें रेल्वेच्या आंसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करतांना एक चमत्कार पाहिला. बेअरिंगाच्या माथ्यावर त्यानें तेल घालण्यासाठीं एक भोंक पाडलें होतें. आंस फिरूं लागतांच त्या भोंकांतून तेल उलट वर येऊं लागलें. त्यानें बूच मारलें, तें उडालें. लांकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटीं दाबमापक लावलें, तेव्हां बेअरिंगावरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक दाब आंत असल्याचें दिसलें. म्हणजे फिरणारा आंस स्वतःच तेल ओढून आपल्याखालीं पाचरीसारखें कोंबतो आणि त्या पाचरीवर तरंगतो. लोखंड लोखंडास टेकतच नाहीं. १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं याचें गणित मांडलें, आणि आजच्या मोटारीच्या इंजिनांतील मुख्य बेअरिंगें त्याच गणितावर चालतात.

आतां ही पाचर टिकावयास तेल फार पातळ असून चालत नाहीं हें उघड आहे. पण फार जाड असूनही चालत नाहीं, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. फटी केसापेक्षां बारीक असतात. तेथवर तेल वेळेवर पोंचलें पाहिजे. गृहिणींनीं पाकाचें उदाहरण घ्यावें. एकतारी पाक बुंदींत क्षणांत मुरतो. तोच दोनतारीच्या पुढें गेला तर वरच थिजतो आणि बुंदी आंतून कोरडी राहते. पाक चांगला कीं वाईट हा प्रश्न नसून तो कोणत्या जिनसासाठीं केला आहे, हा प्रश्न आहे.

डब्यावरील आंकडे अमेरिकेंतील मोटार अभियंत्यांच्या 'एस.ए.ई.' या संस्थेच्या नियमाप्रमाणें असतात. 'डब्ल्यू' हें अक्षर हिवाळ्याचें. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तें तेल गारठ्यांत कमी थिजतें. पांचाच्या तेलाची परीक्षा उणे तीस अंशांवर घेतात. पौषांत खोबरेलाची बाटली गोठते आणि तिळेल तसेंच वाहतें, तसा हा भेद समजावा. नंतरचा आंकडा तापलेल्या स्थितीचा. शंभर अंशांवर तेलाचें जाडपण सेंटिस्टोक या मापानें ९.३ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर तें ३० चें, तेथून १६.३ पर्यंत ४० चें, आणि त्यापुढें २१.९ पर्यंत ५० चें.

येथेंच आमच्या वैशाखाच्या कल्पनेचा फुगा फुटला. इंजिन एकदां तापलें कीं त्यांतील तेल शंभर अंशांच्या आसपास असतें, आणि महामार्गावर दीर्घकाळ वेगानें चालविल्यास त्याहूनही वर जातें. बाहेर पंधरा अंश आहेत कीं पंचेचाळीस, याचा फरक आंत थोडाच पडतो, कारण पाणी आणि जाळी मिळून तो सांवरतात. उलट, जें तेल शंभर अंशांवर अकरा सेंटिस्टोक भरतें, तेंच चाळीस अंशांवर साठ-सत्तर भरतें, सहापट जाड! म्हणजे गोंदियाची मे महिन्यांतील दुपारही इंजिनाच्या हिशेबानें थंडीच. आम्हीं घातलेलें २० डब्ल्यू-५० चाळीस अंशांवर सामान्यतः दीडशेंच्याही वर असतें. मग हिवाळी पहाटे तें टर्बोपर्यंत पोंचावयास किती वेळ लागत असेल, आणि तोंवर तो कणा कशावर फिरत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. जुन्या अँबॅसडर व फियाट मोटारींत २० डब्ल्यू जातीचीं तेलें चालत, तीं त्यांच्या सैल फटींना शोभत. कारागिराचें ज्ञान खोटें नव्हतें. तें चाळीस वर्षें जुनें होतें. आमचें तर तेवढेंही नव्हतें. आमच्या बजाज स्कूटरमध्यें पेट्रोलाबरोबरच तेल मिसळून टाकावें लागे, एवढाच आमचा अनुभव.

मग पातळ तितकें उत्तम म्हणावें काय? तसेंही नाहीं. इंधन वांचविण्यासाठीं अलीकडे कांहीं इंजिनांना ० डब्ल्यू-२० सांगतात. तीं त्यासाठींच घडविलेलीं असतात. तेंच तेल ४० च्या इंजिनांत घातल्यास पाचर फाटेल. जलद मोटारींच्या बाबतींत आणखी एक परीक्षा आहे: दीडशें अंशांवर आणि मोठ्या घर्षणवेगांत तेल किती तग धरतें. तेथें ३० च्या तेलास किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद, तर ५ डब्ल्यू-४० सारख्या तेलास किमान ३.५ मिळालेच पाहिजेत. यासाठीं युरोपांतील कारखानदारांच्या 'ए.सी.ई.ए.' या संघाच्या ए३/बी४ व सी३ या दोन वर्गांत ३.५ ची अट घातलेली असते, आणि त्यामुळें या वर्गांतील ३० चें तेल सामान्य ३० च्या तेलापेक्षां कणखर निघतें. नुसता आंकडा सारखा असून भागत नाहीं तें असें. शर्यतीच्या धर्तीवरील कांहीं बी.एम.डब्ल्यू. मोटारींना एके काळीं १० डब्ल्यू-६० एवढें जाड तेल सांगितलें जाई. त्याच घराण्याच्या पुढील टर्बो इंजिनांना त्याहून पुष्कळ पातळ तेल लागतें. घराण्यावरून वर ठरवूं नये, तसें छापावरून तेल ठरवूं नये.

टर्बो म्हणजे काय हें थोडक्यांत सांगतों. धुरांड्यांतून जाणाऱ्या तप्त वायूनें एक चाक फिरतें आणि त्याच कण्यावरील दुसरें चाक इंजिनांत हवा कोंबतें. वायूची उष्णता पेट्रोल मोटारींत नऊशें अंशांच्या घरांत जाऊं शकते आणि कण्याचे फेरे मिनिटास लाखाच्या वर. या दोन चाकांच्या मध्यें जो कणा, त्याचा सारा आधार तेलाचा. दमछाक करून आलेली मोटार थांबवितांच किल्ली फिरविली, तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या बेअरिंगांत उरलेलें तेल करपून कोळसा होतें. कढईंतील फोडणी विसरल्यासारखेंच. म्हणून समृद्धीवर एकशेवीसच्या गतीनें आल्यावर शेवटचे दोन-चार किलोमीटर सावकाश यावें, किंवा थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालूं द्यावें. नव्या कांहीं मोटारींत थांबल्यावरही पाणी खेळविणारा विजेचा पंप असतो. तरी ही संवय वाईट नाहीं.

आतां दुसरा गुण, ज्याला आम्हीं स्नेह म्हटलें तो. तेलांत पांचवा-सहावा हिस्सा औषधीद्रव्यांचा असूं शकतो: कोणी काजळी विरघळवितें, कोणी आम्ल मारतें, कोणी झीज थांबवितें. अमेरिकेंतील 'ए.पी.आय.' ही संस्था पेट्रोल इंजिनांच्या तेलास 'एस'पासून सुरू होणारा वर्ग देते. २०१० चा 'एस.एन.', २०२० चा 'एस.पी.'. लहान टर्बो इंजिनांत मंद गतींत जोर दिला असतां पेट्रोल ठिणगीच्या आधींच पेट घेऊन धडाका होण्याचा रोग आढळला. तो पिस्टन फोडूं शकतो. तेलांतील चुन्याच्या वर्गांतलीं निर्मलक द्रव्यें त्यास हातभार लावतात असें दिसल्यावर कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढविण्यांत आलें, आणि 'एस.पी.' वर्गांत त्याची परीक्षा घालण्यांत आली. सुट्या पिंपांतलें तेल कोणत्या वर्गाचें, हें पिंपासच ठाऊक. शिवाय धूर शुद्ध करणारें यंत्र राखेनें व फॉस्फरसानें बिघडतें. २०२० पासून बी.एस.६ नियम आल्यावर त्यासाठींही कारखाने कमी राखेचीं तेलें मागूं लागले. या सर्व गोष्टी सामान्य मनुष्यानें तपासणें अशक्य. म्हणूनच कारखाना आपल्या पुस्तकांत मान्यतेचा क्रमांक देतो. तो क्रमांक डब्याच्या पाठीमागें शब्दशः छापलेला असावा. 'अमुक मान्यतेस योग्य' असें लिहिणें आणि 'अमुक मान्यता प्राप्त' असें लिहिणें यांत किती अंतर आहे, हें आमच्या व्याकरणप्रिय वाचकांस सांगणें नलगे.

'सिंथेटिक' या शब्दावरही भुलूं नये. खनिज तेलच हायड्रोजनाच्या दाबाखालीं इतकें शुद्ध करतां येतें कीं त्याचे गुण कृत्रिम तेलाजवळ जातात. अशा तेलास सिंथेटिक म्हणावें कीं नाहीं, यावरून अमेरिकेंत मोबिल व कॅस्ट्रॉल या कंपन्यांत वाद झाला. १९९९ सालीं जाहिरातींची छाननी करणाऱ्या मंडळानें तें म्हणण्यास हरकत घेतली नाहीं. तेव्हांपासून तो शब्द पुष्कळसा व्यापाराचा झाला आहे. गंमत अशी कीं, कॅस्ट्रॉल हें नांव आपल्या एरंडेलावरून पडलें. १९०९ सालीं लंडनच्या वेकफील्ड कंपनीनें मोटारी व विमानें यांसाठीं काढलेल्या तेलांत एरंडेल मिसळलेलें होतें. जुन्या शर्यतींच्या मोटारी एरंडेलावर धांवत. तें चिवट खरें, पण लवकर चिकट होऊन बसे. आमच्या आजीनें ज्या औषधासाठीं आमच्या मागें धांवावें, त्याच्या बळावर साहेबांच्या मोटारी धांवत होत्या!

गोंदियाच्या वाचकांसाठीं दोन-तीन गोष्टी निराळ्या सांगितल्या पाहिजेत. येथील मोटारी बहुधा घर, बाजार आणि स्टेशन एवढ्याच फिरतात. दोन किलोमीटरांत इंजिन तापतच नाहीं. जळणांतून होणारें पाणी आणि न जळलेलें पेट्रोल तेलांत उतरतें व राहतें. आतां पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि तें पाणी धरून ठेवतें. तें इथेनॉल तांदळापासूनही काढतात. धानाच्या जिल्ह्यांत मोटारीही तांदळाचीच पेज पितात, फक्त आंबवून! अशी मोटार वर्षांत तीन हजार किलोमीटरच फिरली असली, तरी वर्ष भरतांच तेल बदलावें. दुसरें, राइस मिलांच्या परिसरांत धुळीबरोबर तुसाचा भुगा हवेंत असतो. धानाच्या तुसांत सिलिका विपुल, म्हणजे वाळूचीच जात. ती आंत गेली तर उत्तम तेलही कुरुंदाच्या दगडासारखें घासूं लागेल. हवेची गाळणी पुस्तकांतील मुदतीच्या आधींच पाहावी. तिसरें, तेलाची सळई काढून पाहण्याची संवय हवी. टर्बो इंजिन थोडें तेल खातें. सळईवरील दोन खुणांमध्यें साधारण एक लिटरचें अंतर असतें, आणि दिवा लागेपर्यंत वाट पाहणें म्हणजे घसा कोरडा पडल्यावर विहीर खणणें.

तेल घेतांना बंद डबा घ्यावा, झांकणाची मोहोर आपल्यासमोर फोडवावी, आणि बिलावर पूर्ण नांव, आंकडा व मान्यता लिहवून घ्यावी. रिकामा डबा तेथेंच चिरून टाकावा, नाहींतर त्याचा पुनर्जन्म होतो. आमच्या घरांत या शेवटच्या मुद्द्यावर मतभेद आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या मतें तो डबा झाडांना पाणी घालावयास उत्तम, आणि तो चिरणें म्हणजे निव्वळ उधळेपणा.

यंदा दिवाळींत भाचा पुन्हां आला. आईही बरोबर होती. डिकींत त्याच ५ डब्ल्यू-३० तेलाचा एक लिटरचा डबा होता, बिलासकट. लक्ष्मीपूजनाच्या सकाळीं त्यानें सळई काढली, फडक्यानें पुसली, पुन्हां घातली आणि काढून आमच्या हातांत दिली. "बघा मामा, किती आहे?" चष्मा घरांत राहिला होता. आम्हीं ती उन्हाकडे धरली आणि बराच वेळ पाहिली, मग त्यास म्हटलें, "थांब, चष्मा आणतों. अंदाजानं सांगणार नाहीं."